वाऱ्याला आडवी गाडी

लुईस बेट, बुधवार

आई,
तुला घट्ट मिठी, आणि बाबांच्या दुखऱ्या गुडघ्याला वेगळी.

नोकरी मिळाली गं! आमच्या या राहत्या गाडीत बसूनच करायची, त्यामुळे आता गाडी विकायला नको.

मुलाखत व्हिडिओवर होती आणि इथे खडकांत रेंज नावालाच. तुझ्या जावयाने, डुगलने, टपावर अँटेना स्क्रूने पक्का बसवला, तरी नेट येईना. मग लक्षात आलं. वाऱ्यात हलू नये म्हणून आम्ही सगळ्यांसारखी गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावतो. पण तशी लावली की अँटेनाचं तोंड समुद्राकडे जातं आणि टॉवर राहतो एका बाजूला.

"आडवी लाव," मी म्हटलं.
"मुलाखत देणारेस की झोके घेणारेस?"
"लाव रे गपचूप."

नेट एकदाही अडकलं नाही, गाडी मात्र सारखी डोलत होती. शेवटी मुलाखतवाल्या बाईंनी विचारलंच, "तुम्ही बोटीवर आहात का?" मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या. "हलताय, पण तुटत नाही आहात. आम्हाला चालेल."

गाडी उलटत नाही, आई. वारा फारच वाढला तर आम्ही चर्चच्या भिंतीआड जातो. काल गेलोच होतो.

बाबा गोळ्या घेतात ना? रविवारी चहाच्या वेळी व्हिडिओ कॉल उचल, या वेळी माझं तोंड अर्धं उघडं गोठणार नाही.

माझी खोली तू अजून तशीच ठेवलीयस, माहितीये मला. शिवणाचं मशीन आता तिथे ने. खिडकीपाशी उजेड चांगला असतो.

डोलणारी पण धडधाकट,
शोना