पुस्तिकेतली पाच वर्षं

१४ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार,

मी बरी आहे. खोलीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला. आईचा गुडघा कसा आहे? धाकटीला म्हणावं, माझे कपडे खुशाल घाल, फक्त निळा सदरा सोड.

आमच्या कंपनीचा अल्बम चांगला चाललाय. दुकानदार पुन्हा मागवताहेत. तिसऱ्या धुनेतलं तुमचं ट्रंपेट आमचे ध्वनिमुद्रक अजून ऐकत बसतात. म्हणतात, "तुझ्या बाबांनी श्वास कुठे घेतला, ते काही सापडत नाही बुवा."

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि मी सुटते. म्हणून पत्र.

अल्बमसोबतची पुस्तिका मीच लिहिली आणि छापण्याआधी तुम्हाला वाचून दाखवली होती. एक ओळ सोडून. बाकी सात वादकांच्या नावांपुढे त्यांची विद्यालयं होती, गुरू होते. तुमच्यापुढे जागा रिकामी होती. तिथे मी इथल्या विद्यालयाचं नाव घातलं आणि लिहिलं, "संगीत विद्यालयात पाच वर्षं शिक्षण." मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

प्रकाशनाच्या दुपारी त्याच विद्यालयाचे मास्तर पुस्तिका वाचून हरखून पुढे आले. "अहो, तुम्ही तर आमचेच निघालात!" म्हणत त्यांनी नव्या धुनेच्या स्वरलिपीचा कागद तुमच्यापुढे ठेवला. "होऊन जाऊ दे!" तुम्हाला स्वरलिपी वाचता येत नाही, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत. मास्तरांनी पुस्तिकेतली ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "चष्मा विसरलो."

चष्मा तुमच्या खिशात होता.

"पाच वर्षांत चष्मा सांभाळायला नाही शिकवलं वाटतं आम्ही!" मास्तर म्हणाले. सगळे हसले. "एकदा वाजवून दाखवा" एवढं म्हटलं असतंत, तर ऐकून तुम्ही ती धून जशीच्या तशी वाजवली असती. पण मग मी खोटी पडले असते. स्वतःच्या पहिल्या अल्बमच्या दिवशी तुम्ही न वाजवता मंचावरून खाली उतरलात. आणि मी पुस्तिकांचा गठ्ठा छातीशी धरून हसणाऱ्यांत हसले.

हे हसणं तुम्हाला सांगायचं होतं. बाकीचं तुम्ही पाहिलंच आहे.

तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात वाद्यांचे पोचे काढून, चिरांना डाख देऊन झाला की तुम्ही ती वाजवून तपासायचात. गिऱ्हाईक आलं की म्हणायचात, "तुमची एखादी धून ऐकवा, मग कळेल नीट झालंय का." आणि ते जाईपर्यंत ती धून तुमची झालेली असायची. शाळेत मी हे मैत्रिणींना फुशारकीने सांगायचे. पदवी मिळाल्यापासून कोणालाच सांगितलं नाही.

आज सकाळी कंपनीच्या साहेबांना खरं सांगितलं. फार चिडले. पुस्तिका पुन्हा छापणार, त्यातून माझं नाव काढलंय. योग्यच आहे. मी मास्तरांकडेही गेले. त्यांनी पुस्तिका काढून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना चारचौघांत मी ओशाळं केलं?" म्हटलं, "नाही, मी."

आईने सुनावलंच, "चार बुकं काय शिकलीस, बापालाच शाळेत घालून आलीस!" तुम्ही मात्र फोनवर फक्त खोलीतल्या नळाचं विचारलंत. आई म्हणते, त्या दिवसापासून ट्रंपेट पेटीतून काढलेलंच नाही. तुमच्या रागापेक्षा मला त्याचीच भीती वाटते.

नवी ओळ तुम्ही सांगाल तीच छापली जाईल. काहीच नको म्हणालात, तर जागा रिकामी राहील.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. दार तुम्ही उघडा, आईला पाठवू नका.

तुमची म्हणवून घ्यायला आज धजत नाही, तरी तुमचीच,
थोरली