लंब्या गाडीची पुढची सीट

आई, मी छोट्या गाड्या जमवतो हे तुला कळलं असतं, तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. साठी ओलांडलेला, नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, आणि काचेच्या कपाटात बोटभर लांबीच्या गाड्या मांडतो, मऊ ब्रशने त्यांच्यावरची धूळ झटकतो. तुझी सून म्हणते, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगाच नाही. गाड्याही सगळ्या एकाच जातीच्या, स्टेशन वॅगन. छप्पर पार शेवटपर्यंत गेलेलं आणि माणसांच्या मागे सामानाला ऐसपैस जागा. अंगाला लाकडी पट्ट्या लावलेली एक अमेरिकन आहे, एक स्वीडनची आहे, दोन जर्मन आहेत. जी हवी ती मात्र मिळत नाही. आपली लंबी गाडी कुणी बनवतच नाही. शेवटी मुलीने मोबाइलवर शोधून नाशिकचा एक पोरगा गाठून दिला. तो मागणीप्रमाणे हाताने गाड्या घडवतो. त्याने मला प्रश्नांची यादी पाठवली, आणि त्या यादीमुळेच मी आज तुला हे लिहायला बसलो आहे. इतकी वर्षं टाळलं होतं.

बाबांनी ती गाडी घेतली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पुलगावातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी नवी मोटार घेतली आणि जुनी अँबॅसेडर इस्टेट बाबांना विकली. फिकट आकाशी रंग, दारांच्या खालच्या कडेला थोडा गंज. बाबांचं पुलगावात लोखंडी सामानाचं दुकान, घर नाचणगावला. मालही आणता येईल आणि घरची माणसंही नेता येतील, असा त्यांचा हिशेब होता. गावात ती आली त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "बापा, केवढी लंबी हाय हे!" आणि तेच तिचं नाव पडलं. तू तिला हळदीकुंकू वाहिलंस, चाकाखाली लिंबू ठेवलंस, आणि बाबा सगळ्यांना घेऊन पुलगावच्या स्टेशनापर्यंत चक्कर मारून आले. त्या पहिल्याच फेरीत तुला मळमळलं.

बसायचं कसं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलंच होतं. पुढे बाबा आणि खिडकीशी मी, घरातला मोठा मुलगा. मधल्या सीटवर आजी, काकू आणि मांडीवर धाकटी बहीण. काका असले तर तेही तिथेच कोंबून. आणि सगळ्यात मागे, जिथे एरवी खिळ्यांच्या पेट्या यायच्या, तिथे बाबांनी सुताराकडून एक बाकडं बसवून घेतलं होतं. त्याचं तोंड मागे. तिथे तू बसायचीस, डब्यांना, पाण्याच्या कळशीला आणि वळकट्यांना धरून. पुढची सीट एकसलग होती, गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे तिथे तिघं आरामात मावत. पण सासूच्या डोळ्यांदेखत सुनेने नवऱ्याच्या शेजारी पुढे बसायचं, हे आपल्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं.

तर तू मागे बसायचीस आणि तुला गाडी लागायची. मांडीवर तुपाचा रिकामा डबा, मुठीत लिंबू. फारच झालं की तू त्या डब्यावर टकटक करायचीस. आजी म्हणायची, "थांबव रे बापा, लागली तिले." बाबा च्यक् करून गाडी बाजूला घ्यायचे. तू उतरून बाभळीखाली जायचीस, आणि मी खिडकीतून पुढचा रस्ता बघत बसायचो, कधी एकदा निघतो म्हणून. मागे वळून पाहिल्याचं मला एकदाही आठवत नाही. हळूहळू घरात पक्कंच झालं की आईला गाडी लागते. मग तुला न्यायचंच बंद झालं. माहूरला आम्ही तुझ्याशिवाय गेलो, बोरच्या धरणावर तुझ्याशिवाय गेलो. तू पहाटे उठून आमच्या दशम्या बांधायचीस आणि फाटकात उभी राहायचीस. माहेरी जायचं तर तुला आर्वीच्या छोट्या रेल्वेने पाठवायचे, कारण रेल्वे तुला लागत नव्हती. ती रेल्वे किती हळू चालायची, ते तुझ्याहून जास्त कुणाला माहीत!

मग तो आर्वीचा दिवस. मी अकरा वर्षांचा. तुझी दाढ सुजली होती आणि बाबांना आर्वीच्या एका दुकानात कुंपणाच्या तारेची बंडलं पोचवायची होती. मधली सीट आडवी पाडून मागे छपरापर्यंत तार भरली होती. घरातलं दुसरं कुणी येणार नव्हतं. जागा उरली ती फक्त पुढे. मला शाळेला सुट्टी होती, मी हटून बसलो म्हणून मलाही घेतलं. बाबा, मध्ये मी, आणि माझ्या खिडकीशी तू. माझी खिडकी गेली म्हणून मी गाल फुगवून बसलो होतो. तू डबा घेतला होतास, लिंबू घेतलं होतंस, आणि निघण्याआधीच तुझा चेहरा उतरला होता.

पुढच्या दाराला ती तिकोनी काच होती ना, बोटाने फिरवायची. मी तुला ती फिरवून दाखवली, खरं तर मलाच वारा हवा होता म्हणून. वारा सरळ तुझ्या तोंडावर आला. तू डोळे मिटलेस. मग उघडलेस. विरूळ गेलं. रोहणा गेलं. तू डब्यावर टकटक केली नाहीस. उलट एका हाताने सुजलेला गाल धरून तू बोलत सुटलीस. ही वाडी कुणाची, या विहिरीवर तुझ्या माहेरची बैलगाडी कशी थांबायची, सगळं. बाबांना तू म्हणालीस, "जरा हळू घ्या ना, पाहू तरी द्या. मी तर हा रस्ता सारा उलटाच पाह्यला." बाबा मनातल्या मनात तारेची बंडलं मोजत होते, त्यांनी नुसतं हं केलं. दाढ उपटून, तोंडात कापूस धरून तू परतही पुढेच बसून आलीस. लिंबू जसंच्या तसं घरी आलं. संध्याकाळी तू त्याचं सरबत केलंस आणि पहिला पेला मला दिलास. तो पेला हातात धरून मी काय विचार करत होतो, सांगू? हिला गाडी लागत नाही, मागची सीट लागते. एवढं मला अकराव्या वर्षी कळलं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ हेही, की हे घरात कळलं तर खिडकी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात दुकानातल्या फोनवर निरोप आला, तुझ्या वडिलांचं जास्त आहे, लेकीला बघायला बोलावतात. बाबा मालासाठी नागपूरला गेले होते. गाडी मात्र घरीच होती आणि काका नुकतेच चालवायला शिकले होते. काका म्हणाले, वहिनी, चला, तासाभरात नेतो. आजी मध्ये पडली. वाईट हेतूने नाही, ती खरंच घाबरली होती.

"एवढ्या उन्हात? उलट्या करू करू जीव जाईन तिचा. रेल्वेनं जाऊ दे."

तू पदर खोचून ओसरीवर उभी होतीस. त्या घरात तू स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं, ते तेवढंच. "मी पुढं बसतो ना. पुढं नाई लागत मले. त्या दिवशी आर्वीले गेलतो, तवा कुठं लागली?"

आजीने माझ्याकडे पाहिलं. "काऊन रे, तू होता ना संगं? खरं काय ते सांग."

पुढच्या आठवड्यात आम्ही चिखलदऱ्याला जाणार होतो. घाटातली वळणं पुढच्या सीटवरून कशी दिसतात, हे मी शाळेत सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हणालो, "लागली होती. दोनदा थांबलो होतो."

तू माझ्याकडे बघितलंस. आई, मी ते बघणं लिहू शकत नाही, प्रयत्न करून पाहिला. त्यात राग असता तर बरं झालं असतं. घरातली बरणी फोडून मी मांजराचं नाव सांगितलं होतं, तेव्हा तू मला उलथन्याने मारलं होतंस, आणि वर म्हणाली होतीस, फुटली त्याचं काही नाही, खोटं काऊन बोलला? तशी तू त्या दिवशीही मारशील असं मला वाटलं. पण तू आजीकडे वळून म्हणालीस, "हो, लागली असन थोडी. मले याद नाई. मी रेल्वेनंच जाईन." माझं खोटं तू स्वतःच्या अंगावर घेतलंस. काका तुला स्टेशनावर सोडून आले. त्या एवढ्याशा रस्त्यालाही तू मागच्या बाकड्यावर बसलीस. गाडी फाटकातून वळली तेव्हा मागच्या काचेत तू दिसलीस, आमच्याकडे तोंड करून. मी हात हलवला. तूही हलवलास.

त्या दिवशी रेल्वे वाटेत कुठेतरी खोळंबली. आर्वीहून पुढे तुला बैलगाडी करावी लागली. तू गावात शिरलीस तेव्हा माणसं नदीवरून आंघोळ करून परत येत होती. तुझ्या वडिलांनी दुपारपर्यंत दोनदा विचारलं होतं, आली का, म्हणून. हे मला पुष्कळ वर्षांनी तुझ्या भावाने सांगितलं, तू कधीच नाही. तू तेरवी करून परतलीस, चिखलदरा राहिलाच, आणि घरात सगळे म्हणाले, नशिबात भेट नव्हती. आजीही म्हणाली, मीही मान डोलावली. बाबांनी एकदा विचारलं होतं, गाडी घरी असताना रेल्वेनं काऊन गेली? तू पोळी लाटत होतीस. म्हणालीस, "लागते ना मले." आर्वीचा दिवस त्यांच्या लक्षात तरी होता की नाही, कोण जाणे. त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि मी पाटावरून उठून हात धुवायला गेलो. आणखी पाच-सहा वर्षांनी लंबी गाडी भंगारात गेली, तोवर पुढची सीट माझीच होती.

मी वाट पाहत राहिलो की तू कधीतरी बोलशील. मी आपणहून बोलावं, असं मात्र मनात येऊन परत जायचं. तू आजारी पडलीस तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, आता सांगू, मग सांगू करत होतो. वर्ध्याच्या दवाखान्यातून गाडी आली, तीही तसलीच लांब, मागे स्ट्रेचर टाकलेली. तुला मागे झोपवलं, बहीण तुझ्या पायाशी बसली. मी रस्ता दाखवायला म्हणून पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. पुलगावहून वर्ध्याचा रस्ता त्या ड्रायव्हरला तोंडपाठ असणार. आठ दिवसांनी तू गेलीस.

तर त्या नाशिकच्या पोराची यादी. डॅशबोर्ड कसा होता, हे मी त्याला एका दमात लिहून दिलं. सामानाचा कप्पा नीट लागत नव्हता, त्यात कागदाची घडी खुपसलेली असायची. वेगाच्या काट्यावरच्या काचेला तडा होता. बाबांच्या सुपारीची डबी, तिची जागासुद्धा. तिकोनी काच उघडी दाखवू की बंद, असं त्याने विचारलं, मी उघडी म्हणालो. पुढचा प्रश्न होता, मागच्या बाकड्याला गादी होती का? रंग कोणता? धरायला काही होतं का? मी दोन दिवस आठवत बसलो. मला तिथलं काहीही माहीत नाही, आई. त्या बाकड्यावर मी एकदाही बसलो नाही. बहिणीला फोन केला, ती म्हणाली, मीही नाही बसले रे, ती जागा आईची होती. गादी होती की नुसती फळी, हे सांगू शकणारं माणूस तूच होतीस. पोराला मी कळवलं, मागचं तुझ्या मनाने कर.

हे पत्र कुठे पाठवणार? गाडी आली की कपाटात तिच्यामागे ठेवून देईन. तिथे कुणी हात घालत नाही. तुझी माफी मागून ते संपवावं असं ठरवलं होतं. पण परवाचं सांगितलं नाही, तर त्या माफीत काही अर्थ नाही.

परवा मुलीच्या गाडीतून आर्वीला एका लग्नाला निघालो. मुलगी म्हणाली, "बाबा, आज आईला बसू द्या ना पुढे. मागे तिला मळमळतं हल्ली." मी दार उघडून आत बसलोच होतो. म्हणालो, "मागे माझे गुडघे आखडतात गं." तुझी सून मागचं दार ओढत म्हणाली, "बसू दे त्यांना. मला काही होत नाही."

माझे गुडघे अजिबात दुखत नाहीत, आई.