ओ'प्रेम्स आणि माझा जिना

२ जानेवारी २०२३
माझ्या घराच्या तळमजल्यावर दारू विकली जाणार. पुढे कोणी म्हणायला नको की मी विरोध केला नाही, म्हणून लिहून ठेवते. भाचा प्रेमराज एरवी मला आत्या म्हणतो. काल लाडात येऊन 'फुई' म्हणाला, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. जळगावात आयरिश पब काढतोय. म्हणाला, फुई, तुझ्या कॉन्व्हेंटच्या मदर आयरिशच होत्या ना, त्यांचं स्मारक समज. मदर आम्हाला खोकल्याचं औषधसुद्धा पाणी घालून द्यायच्या.
सही केली, पण माझ्या अटीवर. मी तिथे पाऊल ठेवणार नाही. करारात तसं कलमच घातलं. प्रेमराज हसला. अट जड गेली असावी.

१९ जानेवारी
बाहेरचा जिना पाडला. तिथे टेबलं मांडायची आहेत. माझा जिना आता आतून, थेट बारच्या काउंटरमागे उतरतो. तात्पुरतं आहे.

११ फेब्रुवारी
बोर्ड लागला. ओ'प्रेम्स. हिरवे दिवे. दूधवाला हिलाल खालून विचारतो, "अक्का, हाऊ प्रेम कोन शे? बठ्ठा त्याले हाका काब्र मारतस?" सगळे त्या प्रेमला हाका का मारतात, हा त्याचा प्रश्न. त्याला समजावलं की ही हाक नव्हे. आयरिश नावात ओ म्हणजे नातू. ओ'प्रेम म्हणजे प्रेमचा नातू. तर म्हणतो, "मंग आजा कोठे शे?"
या गावात मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं.

२० फेब्रुवारी
नऊ दिवस खाली उतरले नाही. दोरीला टोपली बांधलीये, दूध-भाजी त्यातून येते. खांद्यांना व्यायाम होतो. आज टोपलीतून मेन्यू आला. बावीस चुका. लाल पेनाने दुरुस्त करून खाली सोडला.

३ मार्च
बँकेत जाणं भाग होतं. डोळे मिटून उतरले. पाऊल ठेवलं नाही, चप्पल ठेवली. कलमात चप्पल नाही.

२८ एप्रिल, दुपारी
ठरलं. पंधरा मेला नाशिकला, भाची चारुलताकडे, कायमची. खालचा मॅनेजर गिरधर याला सांगून ठेवलं.

१६ मे
गेले नाही. धुळ्याच्या शाखेचा मेन्यू तपासायला आला. 'स्टू'चं स्पेलिंग पाहून प्रवासाची इच्छाच राहिली नाही. पंधरा जूनला नक्की.

९ नोव्हेंबर
धुळे, भुसावळ, अमळनेर. आपलं धरून चार शाखा. प्रेमराजने पेपरात मुलाखत दिली. शुद्ध इंग्रजीमुळे विश्वास बसतो, हे सांगायला विसरला.
हल्ली गुडघ्यामुळे काउंटरच्या स्टूलवर थोडी टेकते. फक्त लिंबू सोडा. बसणं म्हणजे पाऊल ठेवणं नव्हे. उलट पाय अधांतरी असतात.

२२ जून २०२४
गिऱ्हाईक आयरिश स्टू परत पाठवतं. भुसावळच्या एका रेल्वेवाल्याने विचारलं म्हणे, "पेशंटचं जेवण इकडे आलं का?" आता त्यात काळा मसाला आणि वर शेव. नाव आयरिश शेवभाजी. मी मान्यता दिलेली नाही. फक्त स्पेलिंग पाहिलं.

४ फेब्रुवारी २०२५
धुळं बंद. तिथे आता चुलीवरचं भरीत मिळतं. अमळनेरलाही हिरव्या दिव्यांखाली साड्यांचा सेल. त्यांचा शेवटचा मेन्यू मला न दाखवता छापला होता, एवढंच नमूद करते.

३० ऑक्टोबर
भुसावळही गेलं. आपलंही पंधरा-वीस दिवसांत बंद. प्रेमराज सुरतेला इटालियन कॅफे काढतोय. मी म्हटलं, आधी जिना. म्हणाला, "बांधून देतो ना, आत्या." आत्या म्हणाला. म्हणजे काम झालेलं आहे त्याचं.
गिरधरला बजावलं, मी पंधरा नोव्हेंबरला नाशिकला जाणार. तो म्हणाला, "बरोबर, मॅडम." हसला नाही. चांगला माणूस.

१५ नोव्हेंबर
थोडी कणकण. गोळी घेऊन दिवसभर झोपले. खाली सामान हलवल्याचे आवाज. नाशिक डिसेंबरात.

१६ नोव्हेंबर, सकाळी
उतरले. स्टूल नाहीत, काउंटर नाही. शटर बंद. बाहेरून कुलूप. आणि माझा जिना अजून आतूनच.

त्याच दिवशी, दहा वाजता
प्रेमराजचा फोन बंद. गिरधरचा लागला. गाडीत होता, किल्ली त्याच्याकडेच. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मॅडम, पोचल्या का नाशिकला? मी सगळ्यांना सांगितलं, मॅडम बोलल्या म्हणजे जाणारच."
मी हो म्हणाले.
दुसरं काय म्हणणार? चारुलताताईंना नमस्कार सांगा म्हणाला. सांगते म्हटलं.

१७ नोव्हेंबर, सकाळी सात
ब्रेड संपला. शेजारी फोन करायचा नाही, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. प्रेमराजच, दुसरं कोण? गॅलरीत धावले आणि ओरडले. दोनदा. बहुधा तीनदा. "ओ प्रेम, ओ प्रेम."
हिलाल होता. दुधाची पिशवी हातात, मान वर. म्हणाला, "अक्का, बोर्ड ते उतारी लयी गयात. आते काय वाची राह्यनात?"
मी म्हणाले, उच्चार तपासत होते.
त्याने पिशवी टोपलीत ठेवली आणि गेला. गॅलरीला शिडी लावायचं त्याला उद्या सांगेन.