पत्रपेटी झुकत नाही

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

सकाळपासून तुझ्या जुन्या शिलाई मशिनचा खडखडाट कानात घुमतोय. त्या तालावर मी शाळेतल्या कविता पाठ करायचो, आणि ओळ चुकली की तू पाय थांबवायचीस. (तेव्हापासून मशिन थांबलं की मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.) तुझे गुडघे काय म्हणतात? आमच्या समोरच्या शिंप्याचं मशिन कालपासून बंद आहे, आणि या वेळी खरोखरच चूक माझी आहे.

त्याचं असं झालं. चित्रकलेच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, रस्ता दिसतो तसा नको, भासतो तसा काढा. डोळे किलकिले करा. रेघ नको, नुसते रंगाचे फटकारे." डोळे किलकिले केले की माझं कपाळ दुखतं, म्हणून मी सरळ चष्माच काढून ठेवला. काय सांगू ताई! सगळा रस्ता कवितेसारखा विरघळला. शिंप्याचं दुकान म्हणजे पिवळा उजेड, दारातला शिंपी म्हणजे निळा ठिपका, शेजारी एक लाल फटकारा. हात जरा थरथरला आणि लाल निळ्याकडे झुकला.

चित्र गॅलरीत वाळत ठेवलं. शिंपीणबाईंनी खालूनच विचारलं, "ही लाल साडीवाली कोण?" चष्मा लावून पाहतो तर कोपऱ्यावरची पत्रपेटी! तसं सांगितलं, तर म्हणतात, "काका, पत्रपेटी कधी कुणाच्या खांद्यावर झुकते का?" (कवितेत झुकते. पण हे कुठल्या तोंडाने सांगू?) तेव्हापासून त्या नवऱ्याशी अक्षर बोललेल्या नाहीत. दुपारी शिंपी वर आला, हातात कात्री तशीच. "रविवारी तुमचं प्रदर्शन, सगळी गल्ली बघणार. ही शनिवारी माहेरी निघालीय, कायमची. वीस वर्षांचा संसार आहे, काका!" तुझी भावजय म्हणते, पुसून टाका ते लाल. पण पुसलं की पुरावा लपवला म्हणतील! ब्रश हातात घेतो आणि परत ठेवतो.

तुझा धाकटा

ता. क. पत्र मुळात लिहिलं ते एवढ्यासाठी: शनिवारच्या आत शिंपीणबाईंना चार ओळी लिही, की लाल साडीत तूच होतीस, ब्लाउजचं माप द्यायला आलेली. (वय अवश्य लिही.)

दुसरा ता. क. दार वाजलं. शिंपीच असणार म्हणून चित्र पलंगाखाली सरकवलं, तर दारात शिंपीणबाई! हातात घडी केलेली हिरवी साडी. उभ्या उभ्या त्यांचेच शब्द लिहितो: "काका, माझ्याकडे लाल नाही, ही आहे. रविवारच्या आत चित्रातल्या त्या पत्रपेटीला एवढी नेसवा. झुकलीय तशीच राहू द्या."