अण्णांच्या कार्डाचे सोळा आकडे

रविवार, १८ जानेवारी २०२६

झालं एकदाचं भाषण! भाट्याला, ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत. विषय — मोबाईलवरून होणारी फसवणूक. मी ग्रंथपाल, बँकवाला नव्हे. पण 'देवदत्त कॉलेजात आहे, त्याला कळतं' म्हणून मला बोलावलं. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, ओटीपी — कुणी कितीही गोड बोललं तरी सांगायचे नाहीत. पुन्हा पुन्हा सांगितलं. अण्णा पहिल्या रांगेत. वडील समोर बसले की माझी जीभ अडखळते. ते मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

मान डोलावली म्हणजे कळलं का? भाट्याच्या घरात एकटे असतात.

मंगळवार, २० जानेवारी

करू नये ते केलं. ग्रंथालयाच्या मोबाईलवरून — तो नंबर अण्णांकडे नाही — त्यांना फोन लावला. तोंडावर रुमाल धरून हिंदीत बोललो. 'बँक से बोल रहा हूँ, आपका कार्ड बंद होनेवाला है.' वाटलं होतं, झापतील आणि फोन ठेवतील. तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस! पण म्हणाले, 'रुको, चष्मा लाता है.' आणि सोळाच्या सोळा आकडे वाचून दाखवले. सावकाश, तार वाचावी तसे. मागचे तीनही. वर विचारलं, 'खाना हुआ क्या आपका?'

मी फोन कट केला.

आणि आकडे मी कागदावर उतरवून घेतले होते! फक्त परीक्षाच घ्यायची होती, तर लिहिले कशाला? कागद बारीक फाडून टाकला. तरी पहिले चार पाठ आहेत.

बुधवार, २१ जानेवारी

खरा चोर आज फोन करेल तर? 'अण्णा, तो मीच होतो' — एवढं एक वाक्य तोंडातून निघत नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

पनवेलहून भार्गवीचा फोन. बहिणीला अर्धंच सांगितलं — कुणीतरी फोन केला, अण्णांनी नंबर दिला, पैसे गेले नाहीत.

'अरे, तूच ना परवा भाषण ठोकून आलास! आता कार्ड काढून घे त्यांचं. पेन्शन गेली की बसू दोघं बोंबलत.'

'कुणीतरी' म्हणताना जीभ अजिबात अडखळली नाही. त्याचीच भीती वाटली.

पण काढून घ्यायचं? दर एक तारखेला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून रत्नागिरीत येतात, स्वतः एटीएममधून पेन्शन काढतात, जाताना आमच्याकडे केळी ठेवून जातात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना स्वतःच्या पैशासाठी माझ्यापुढे हात पसरायला लावायचं? आणि तेही मीच रचलेल्या चोरीपायी!

रविवार, २५ जानेवारी

शेवटी खऱ्या चोराची भीतीच जिंकली; भाट्याला गेलो. मोहोरावर फवारणी चालली होती, अण्णा कलमांखाली उभे राहून गड्याला सूचना देत होते. म्हटलं, 'अण्णा, ते कार्ड बंद करूया. सध्या व्यवहार मी बघतो.'

का, असं विचारतील म्हणून वाटेत तीन उत्तरं जुळवली होती. एकही लागलं नाही. आत गेले, कार्ड आणून माझ्या हातात ठेवलं.

'पिनही लिहून घे.'

'अहो अण्णा, पिन कुणालाच सांगायचा नसतो.'

'तू काय कुणी परका आहेस?'

त्यांच्याच फोनवरून, त्यांच्यासमोर कार्ड बंद केलं. चहा घेतला. सांगायचं होतं. नाही सांगितलं.

सोमवार, २६ जानेवारी

सकाळीच अण्णांचा फोन. आवाज अगदी हळू.

'देवू, जवळ कुणी नाही ना? अरे, त्या दिवशी फोनवर तू होतास, ते पहिल्याच शब्दाला ओळखलं मी. मुलाला आवाज बदलून बापाकडे मागायची वेळ आली, म्हणजे अडचण मोठीच असणार. म्हणून दिले आकडे. सहा दिवस वाट बघतोय, तू पैसे काही काढले नाहीस. काल तर कार्डच बंद केलंस. आता लाजू नकोस. किती हवेत, ते सांग.'