भुऱ्याचं नाक आणि माझा संशय

प्रिय बाबा,

काल समता कॉलनीतले एक भैया आपलं कुत्रं, भुऱ्या, मागाले आले. "दीदी, बाबूजी ने इससे कितने तीतर मरवाए होंगे! क्या नाक है! दे दो." तुम्हाले जाऊन तीन महिने झाले, अन जुना संशय पुन्हा घरात शिरला. म्हणून लिहून राहिली.

मले तर पहिल्यापासून वाटायचं, कुठंतरी पाणी मुरते. शिकारीले बंदी, अन तुम्ही दर रविवारी उजाडता उजाडता कुत्रं घेऊन माळावर! फिराचंच आहे तर उन्हं आल्यावर काहून नाही? "दवात वास जमिनीले धरून राहते, उन्हात उडून जाते," म्हणायचे. कशाचा वास, विचारलं की नुसते हसायचे.

मग तुमच्या पिशवीत तितराचं पीस सापडलं. काय भांडली मी! "अगं, झडलेलं आहे. दोरीले बांधून भुऱ्याले वास शिकवतो. पाखरू फक्त शोधाचं, माराचं नाही." कोण विश्वास ठेवीन? तुम्ही आले की मी रक्ताच्या वासासाठी तुमचा सदरा हुंगायची. तुम्ही कधी चिडले नाही, त्याचाच मले जास्त संशय यायचा!

आज सकाळी मीच भुऱ्याले माळावर नेलं. तुमच्यासारखी चिमूटभर माती उडवून वारा पाहिला. वाऱ्यात नाक धरून तो इकडून तिकडं वळत गेला अन एका झुडपापाशी थिजला. एक पाय उचललेला, शेपूट ताठ. आता झडप घालते, वाटलं. पाखरू उडवाले मी टाळी वाजवली. तितर फडफडत उडालं.

भुऱ्या खाली बसला, बाबा! "पकड!" म्हणून पाहिलं, तर मीच येडी आहे असा पाहाले लागला. मग जवळ येऊन माझा खिसा हुंगला. बिस्किटासाठी! पाखरू उडालं की बिस्कीट, हेच शिकवलं होतं न तुम्ही?

मले एकदा दाखवलं काहून नाही? नाही, खोटं बोलते मी. "चल न एक दिवस," किती वेळा म्हटलं तुम्ही. मीच आली नाही. चुकली मी, बाबा.

त्या भैयाले नाही म्हटलं आहे. दर रविवारी दवात मीच भुऱ्याले नेईन, तुमचा सदरा घालून, खिशात बिस्कीट ठेवून. तो सदरा अजून धुतला नाही. आजही हुंगते, पण आता रक्तासाठी नाही.

तुमची संशयी पोट्टी,
वैशाली
तात्यापारा, रायपूर