जंगूच्या मापाची गाडी

१८ एप्रिल १९५७

प्रिय जंगू,

अक्षर ओळखलं असशील. चौथीपर्यंत माझ्या पाटीवरचं शुद्धलेखन तू उतरवून घ्यायचास आणि तुझ्या पाटीवरची गणितं मी. नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज सकाळपासून हे तिसरं पत्र सुरू केलंय. दोन फाडली. चार ओळी होतात न होतात तोच उठतो, अंगणात जातो, गाडीचं चाक हाताने फिरवतो, पुन्हा येऊन बसतो. शेवटी माझी बायको चंदा म्हणाली, "गाडीले काऊन हात लावून राह्यले तुमी? ते तं झाली आता. बसा अन् लिवा." खरंच आहे. गाडी झाली. म्हणून गाडीपासूनच सुरू करतो.

ठेकेदाराची लाल गाडी. लढाई संपल्यावर कामठीच्या लिलावातून त्याने आणली होती. रुंद फुगीर टायर, म्हशीच्या शिंगांसारखं मागे वळलेलं हँडल, दांड्याखाली पत्र्याची बंद पेटी. असली सायकल आपल्या मुलखात दुसरी नव्हती. लाकडाच्या डेपोवर तू राखणदार होतास आणि गाडी पुसायचं कामही तुझ्याकडेच होतं. ती आता माझ्या अंगणात उभी आहे. इतकी वर्षं ती कुठे होती, ते तुला आणि मलाच ठाऊक होतं.

दिवाळीनंतर पंचायतीने ठरवलं की सडकेजवळच्या जंगलातली पडकी विहीर उपसायची. ऐकलं तेव्हापासून शाळेत मुलं पाढे म्हणायची आणि मी खिडकीतून त्या वाटेकडे बघत राहायचो. रविवारी सरपणाच्या निमित्ताने बंडी जुंपली, बादल्या काढायचा गळ घेतला आणि एकटाच गेलो. अर्धा दिवस चिखलात गळ फिरवला, तेव्हा कुठे हँडल अडकलं. वर सागाची पानं झाकून गाडी घरी आणली आणि मूलच्या बाजारात भंगारात मिळाली असं सगळ्यांना सांगितलं. तुझ्यापाशी काय लपवू? त्या दिवशी मला तुझी आठवण आली नव्हती. मी मलाच वाचवत होतो.

खरं तर तिचे तुकडे करून वैनगंगेत टाकायचे, असं मनात होतं. पण चिखल धुतला आणि खालचा सांगाडा शाबूत दिसला. चाकांच्या कडा पापडासारख्या झाल्या होत्या, आरे हात लावताच तुटत होते, सीटचं कातडं उरलंच नव्हतं. पण नळ्या जाड होत्या, गंज वरवरचा होता. नुसता बघावा म्हणून एक नट रॉकेलमध्ये भिजत घातला. तो सुटला. मग दुसरा. शाळा सुटली की मी गाडीपाशी. वाळू आणि चिंचेच्या कोळाने घासून घासून बोटांची सालं गेली. पुढच्या चाकाचा चिमटा वाकला होता, तो नथ्थू लोहाराने भट्टीत तापवून सरळ केला. रुंद टायर नागपूरहून यायला दीड महिना लागला. तेवढा धीर मला नव्हता. रोज टपालवाल्याला विचारायचो, त्याने शेवटी माझ्या दारावरून यायचं सोडलं.

याच दिवसांत तुझी आई येऊ लागली. बुधरीमाय आधी कधी आमच्या घरी येत नसे. आता मोहफुलं वेचायच्या टोपल्या विणायचं सामान घेऊन यायची, अंगणाच्या कडेला बसायची, विणायची आणि बघायची. बोलायची नाही. तिची नजर पाठीवर आली की माझा पाना नटावरून घसरायचा. मी आत जायचो, पाणी प्यायचो, बाहेर यायचो, तर ती तिथेच.

महाशिवरात्रीला मी मार्कंड्याच्या जत्रेत गेलो. तिथे सिरोंच्याकडचा एक बांबूचा गाडीवान भेटला. बोलता बोलता तुझं नाव निघालं. तू तिथल्या डेपोवर लाकडांना शिक्के मारतोस, आणि डावा गुडघा वाकत नाही म्हणून खोलीपासून डेपोपर्यंतचं दीड कोस अंतर पायी यायला तुला दोन अडीच तास लागतात, असं तो सहज सांगत होता. मी देवळात न जाताच परत फिरलो.

त्यानंतर गाडी मी दुसऱ्याच मापाने करू लागलो. डाव्या पायडलची दांडी नथ्थूकडून कापून चार बोटं आखूड केली, म्हणजे त्या बाजूचा पाय लहान फेऱ्यात फिरेल, गुडघा फार वाकवावा लागणार नाही. कापलेल्या टोकाला पायडल बसायचे आटे पाडून आणायला चांद्याला गेलो. उजवी दांडी होती तशीच ठेवली, जोर त्या पायाने लावायचा. सीट मागे सरकवली. कॅरियर मजबूत केलं. मग माझाच डावा गुडघा पट्टीने बांधून शाळेच्या मैदानात चालवून पाहिली. सात वेळा पडलो. आठव्यांदा चालली. नथ्थूने विचारलं, "मास्तर, कोनासाठी करून राह्यले हे?" मी म्हटलं, "आहे एक जण."

मग रंगाचा दिवस आला. मी काळा रंग आणला होता. डबा उघडला, कुंचला बुडवला, तेवढ्यात बुधरीमाय इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलली. "काळा काऊन देतं? लालच होती ना ते."

मी कुंचला डब्यावर आडवा ठेवला. तिने गाडी पहिल्याच आठवड्यात ओळखली होती, जंगू. डेपोचं अंगण ती झाडायची. ती पत्र्याची पेटी तिने शंभरदा पाहिली होती. तीन महिने ती वाट बघत होती की मी केव्हा तोंड उघडतो.

मग मी सांगितलं. तुला सांगायची गरज नाही, पण आता कागदावर लिहून ठेवतो. मास्तरकीच्या मुलाखतीला मला गडचिरोलीला जायचं होतं आणि पायी पोहोचणं शक्य नव्हतं. ठेकेदार बाहेरगावी होता. तू गाडी काढून दिलीस, म्हणालास, "दिवस बुडायच्या आत आन." मुलाखत चांगली झाली, नेमणुकीचा कागद तिथेच हातात मिळाला. परत येताना आनंदाच्या भरात उतारावर गाडी सोडली आणि झाडावर आदळलो. तेवढ्यात ठेकेदाराची बंडी येताना दिसली, आणि घाबरून मी गाडी विहिरीत ढकलली. तुला येऊन सांगितलं तेव्हा तू रागावलाही नाहीस. "तू घरी जाय. मी पाहून घेतो," एवढंच म्हणालास. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी तुला डेपोसमोर डावा गुडघा मोडेपर्यंत काठ्यांनी मारलं, आणि गाडी कुठे विकली म्हणून विचारत राहिले. मी गर्दीत तिसऱ्या रांगेत होतो. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मग जमिनीकडे. माझं नाव घेतलं नाहीस. माझ्या खिशात नेमणुकीचा कागद होता.

बुधरीमायने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती शिव्या देईल, मारेल. तिने टोपली बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यला? मार त्यानं गावासमोर खाल्ला. तू बी गावासमोर सांग. मंग त्याले सांग." आणि उठून गेली. त्या दिवशी मी काळा रंग तसाच ठेवून दिला आणि लाल आणला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पंचायत बसली होती, तिथे गाडी नेऊन उभी केली आणि सगळं सांगितलं. ठेकेदार केव्हाच डेपो मोडून निघून गेलाय, पण गाव तेच आहे. मग म्हातारा सुकलू उठला. तू गाव सोडलंस तेव्हा तुला "चोट्टा" म्हणणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता. तो बुधरीमायच्या दारी गेला आणि हात जोडून उभा राहिला. त्याच्या मागे आणखी काही गेले. सगळे नाही. शाळा चालवणाऱ्या जनपद सभेलाही मी लेखी कळवलंय. नोकरी राहील की जाईल, अजून समजलेलं नाही. चंदा घाबरली आहे, पण मला थांबवलं नाही तिने.

आता हे पत्र का, ते लिहितो. गाडी बंडीवर घालून पाठवता आली असती, पण मीच ती चालवत आणणार आहे. शाळा तीस तारखेला बंद होईल, दुसऱ्या दिवशी निघेन, आष्टी आणि आलापल्लीवरून पाचव्या-सहाव्या दिवशी सिरोंच्याला पोहोचेन. तुला अचानक समोर गाठणं मला बरं वाटेना. त्या दिवशी डेपोसमोर तुला कुठे जायला जागा नव्हती. या वेळी असू दे. मला भेटायचं नसेल तर त्या दिवशी डेपोवर येऊ नकोस. मी कोणाला विचारणार नाही, शोधणार नाही. फाटकाशी गाडी लावीन, तुझं नाव सांगून किल्ली चौकीत देईन आणि पायी परत फिरेन. बुधरीमायचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: "गाव आता तुले काई म्हनत नाई. तुले वाटन तवा ये, नाई वाटलं तं नको येऊ. मी हाओ इथी." आणि भेटायचं असेल तर, जंगू, फाटकाच्या आत थांब. बोललं नाहीस तरी चालेल.

तुझाच, तू म्हणू देशील तर,
मुखरू